डब्यातले थर

डॉक्टर ओहॅलरनबाई म्हणाल्या,
खोकला ऐकूनच सांगते, तू ब्लॅकवूड कापतेस.
म्हटलं, हो. खुर्च्या.
सहा जेवणाच्या टेबलाच्या, एक बाळाची.
मग निदान अर्धं झाड तरी
छातीबाहेर ठेवत जा, म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत बसल्या.

खिशात दोनशे डॉलर,
त्यातले चाळीस बकरीच्या औषधाचे.
होबार्टच्या दुकानात व्हॅक्यूम ओळीने उभे होते,
ढेरपोटे, चाकांवर,
मान टाकलेल्या नळ्यांचे.
एकाच्या खोक्यावर छापलं होतं, सहा अश्वशक्ती.
भिंतीतल्या एवढ्याशा भोकातून
सहा घोडे येणार कसे?
नाव सोनुबाई.

विकणारा पोरगा लिटर सांगत होता,
पाणीसुद्धा ओढतं, म्हणत होता.
मी विचारलं, धूळ?
भुसा नव्हे रे, भुसा केरसुणीचंही ऐकतो.
धूळ.
करवत थांबून तासभर झाला तरी
खाली न बसणारी,
चहावर साय धरणारी,
पापणीवर राहायला येणारी.
तो म्हणाला, त्याला वेगळा फिल्टर लागतो.
कितीला?
यंत्राच्या निम्म्याला.

कोपऱ्यात एक निळं होतं, अकराशेचं,
मांजरासारखं गुरगुरणारं, अगदी हळू.
मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला,
परक्याच्या बाळाच्या गालावरून फिरवतात तसा,
आणि बाहेर पडले.

शेवटी मिळालं ते गीव्हस्टनला,
लीथ क्विल्टीच्या सफरचंदांच्या शेडमध्ये.
झाकणाचा एक चाप तुटलेला.
सत्तर म्हणाला. मी पन्नास म्हटलं.
तो नुसताच डोंगराकडे बघत राहिला.
साठ.
उरलेल्यात फिल्टर, आणि बकरी वाचली.

घरी आल्यावर कळलं,
नळीचं तोंड केवढं, सँडरचं केवढं!
सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घातला,
तारेने आवळला.
मासेवाल्याकडून लोणच्याची रिकामी बादली आणली,
झाकणाला दोन भोकं पाडली,
म्हणजे जड ते बादलीत गरगरून बसेल,
आणि फिल्टरला हलकंच गिळावं लागेल.
पहिल्या दिवशी नळीने मला चटका दिला,
निळा, टाचणीएवढा.
दुसऱ्या दिवशी तांब्याची तार.
आवाजाबद्दल विचारू नका.
कुत्रं कुरणाच्या पार टोकाला जाऊन बसतं
आणि तिथून माझ्याकडे
मी त्याला विकलंय असं बघतं.

पण उन्हाचा पट्टा खिडकीतून आला
तेव्हा तो रिकामा होता.
मी करवत थांबवून बघत राहिले.
इतकी वर्षं मला वाटत होतं
उन्हाचा रंगच तसा असतो.

जूनमध्ये बाळाच्या खुर्चीची एक खुंटी गेली,
मर्टलची, करंगळीच्या पेराएवढी.
फुर्र झालं, आणि नळी खोकली, माझ्यासारखीच.
बादलीत नव्हती.
वर्तमानपत्र पसरून यंत्राचा डबा उलटा केला.
अख्खा हिवाळा ढेकळासारखा
एका तुकड्यात बाहेर आला.

वर तपकिरी, ब्लॅकवूड, परवाचं.
त्याखाली गुलाबी, मर्टल,
जोर्जियाच्या आईचा झोपाळा.
मग ह्युऑन पाइनची पिवळट रेघ,
सुरीच्या पात्याइतकी,
कारण ते लाकूड महाग,
आणि मी त्याचा एकच चमचा केला होता.
वास मात्र सगळ्यात जास्त त्याचाच.
चाकूने कापून बघत होते मी,
केकसारखे नाही, जमिनीसारखे, एकेक थर.
कुठल्या आठवड्यात काहीच केलं नाही,
तेही दिसत होतं.

खुंटी मधेच सापडली.
शेवटी तळाशी, माझ्या कुठल्याही कामाच्या आधी,
सफरचंदाच्या सात बिया
आणि एक कागदी लेबल, अर्धं.

खुंटी पुसून जागेवर ठोकली.
खोकला आहे अजून, रात्री,
पण दारात उभा राहतो, आत येत नाही.
बिया फेकल्या नाहीत. पेरल्याही नाहीत.
खिडकीत आहेत, बशीत.
लीथला विचारायचं राहतंच आहे
की कुठल्या जातीच्या.